गाडी नंबर: लागू नाही

३ जून २०२४, सोमवार. आमच्या ऑफिसात जागतिक सायकल दिन साजरा झाला. गेटवर फुग्यांची कमान, पिवळे टी-शर्ट, प्रत्येकाला दोन केळी आणि 'पेडल फॉर द प्लॅनेट' असा पंधरा फुटी बॅनर. एकूण चौदा सायकली आल्या. त्यातल्या नऊ मोटारीच्या मागे बांधून आल्या, कोपऱ्यावर उतरवल्या गेल्या आणि तिथून गेटपर्यंत चालवल्या गेल्या. भाषण झालं. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, त्याचा उल्लेख झाला, टाळ्या झाल्या. माझी सायकल पुढे बास्केट लावलेली, त्यामुळे फोटोग्राफरने मला अगदी मध्ये उभं केलं. बास्केटमध्ये डबा होता, तो मात्र काढायला लावला.

मंगळवारी मी त्याच सायकलवर, तोच डबा घेऊन गेले. निवडणुकीच्या निकालाचा दिवस. गेटवरचे मामा मोबाइलवर आकडे बघत होते. मान वर न करता त्यांनी हात आडवा केला.

"मॅडम, सायकल आत नाही."

"अहो, काल होती की."

"काल कार्यक्रम होता."

सायकल आत नेण्यासाठी मला तिथून पुढे तीन महिने लागले. सायकल चालवायला शिकण्यापेक्षा हे प्रकरण जड गेलं.

आधी थोडं मागचं. मुलीला अठरा पूर्ण झाली आणि स्कूटर तिच्या ताब्यात गेली. दुसरी घ्यायची की काय, असा विचार चालू होता. पुण्यात कर्वेनगर ते सेनापती बापट रस्ता म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर. वाटेतल्या नळ स्टॉप चौकाच्या कृपेने सकाळी स्कूटरलाही पस्तीस-चाळीस मिनिटं लागायचीच. म्हटलं, सायकल घेऊन बघू.

दुकानातल्या मुलाने विचारलं, "रायडिंगसाठी की फिटनेससाठी?" मी म्हटलं, "ऑफिसला जायला." तो जरा घुटमळला. भिंतीवर टांगलेल्या गिअरच्या सायकली सोडून त्याने मला मागच्या अंगाला नेलं. तिथे मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, बास्केट असं सगळं असलेल्या साध्या सायकली एकमेकींना टेकून धूळ खात उभ्या होत्या. "ह्या मावश्या लोक नेतात कामाला जायला," तो हळू आवाजात म्हणाला, जणू मला नाराज करायचं नव्हतं. मला तीच हवी होती. ओढणी चेनमध्ये गेली की काय होतं, हे मला अकरावीपासून माहीत आहे.

पहिले दहा दिवस मांड्या बोलत होत्या. लॉ कॉलेज रस्ता संपला की जो चढ लागतो, तो स्कूटरवर वीस वर्षांत मला कधी जाणवलाच नव्हता. पण त्याचं काही नाही, शरीर ऐकतं. रस्त्यावरची माणसंही बरीचशी ऐकतात. एखादा पोरगा "काकू, घरी बसा" म्हणून कट मारतो, बस अगदी कानाशी येऊन फुसकारते, तेवढं सोडून द्यायचं. वाटेत मध्येच एक सायकल ट्रॅक सुरू होतो. त्यावर आधी उभ्या स्कूटर, मग कणसाची गाडी, मग विजेचा डीपी. डीपीपाशी तो संपतो. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरच्या मार्गांचं जाळं आखलं होतं. त्यातले माझ्या वाट्याला आलेले दोनेकशे मीटर असे.

त्रास झाला तो प्रश्नांचा. सोसायटीत पहिल्याच आठवड्यात तिघांनी विचारलं, "काय, पेट्रोल परवडेना का?" उरलेल्यांनी विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" ही दोन कारणं लोकांना पटतात, तिसरं नाही. सायकलने जाता येतं म्हणून जाते, असं सांगितलं की समोरचा माणूस काहीतरी लपवलं जातंय अशा नजरेने बघतो. शेवटी मी "हो, शुगर बॉर्डरला आलीय" असं ठोकून द्यायला लागले. प्रश्न तिथल्या तिथे बंद. उलट दोघींनी कारल्याचा रस सुचवला. सासूबाईंचं वेगळंच. "दळण आणायला ने, भाजीला ने. पण ऑफिसला? तिथे तुला मॅनेजर म्हणतात ना?"

खूश झाले ते एकटे बाबा, माझे सासरे. नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं सायकल मारली. सुटीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली, मोटारवाल्याला वाट मिळायची नाही, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा. डबलसीट दिसलं की दंड. आणि सायकलला कर होता. तो भरला की बिल्ला मिळायचा. एकदा त्यांनी खरोखरच कपाटातल्या डब्यातून एक गंजका पत्र्याचा बिल्ला काढून दाखवला. त्यावर नंबर होता. "आमच्या सायकलला नंबर असायचा," असं ते ज्या थाटात म्हणाले, त्यावर मी हसले होते. तेव्हा पुढचं माहीत नव्हतं.

तर गेट. मी अ‍ॅडमिनला मेल टाकली. आठ दिवसांनी उत्तर आलं की पार्किंग फक्त स्टिकर असलेल्या वाहनांना, आणि स्टिकरसाठी सोबतच्या लिंकवर फॉर्म भरावा. फॉर्म उघडला. वाहन प्रकार: चारचाकी, दुचाकी. ठीक आहे, दोन चाकं तर आहेत. नोंदणी क्रमांक. 'लागू नाही' लिहिलं तर लाल अक्षरांत 'योग्य क्रमांक भरा'. एमएच १२ पासून सुरू होणारं काहीतरी असल्याशिवाय ते पान पुढेच सरकेना. कागदपत्रं: आरसीची प्रत, विम्याची प्रत, पीयूसी. पीयूसीच्या जागी माझा रक्ताचा रिपोर्ट जोडावा, असं फार मनात आलं.

खाली जाऊन अ‍ॅडमिनच्या गृहस्थांना भेटले. माणूस सज्जन. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण तुम्हाला दिली तर उद्या सगळेच सायकल आणतील."

"अहो, तो बॅनर कशासाठी लावला होता मग?"

"तो वरून आला होता."

मग त्यांनी एकेक अडचण काढली. इमारत भाड्याची, मालकाच्या माणसांना सायकली दर्शनी भागात नको आहेत, बऱ्या दिसत नाहीत. तळघराचा उतार पावसात निसरडा, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची? मी हातात धरून उतरवते म्हटलं. लिहून द्या म्हणाले. दिलं. ते हमीपत्र कुठे गेलं ते कळलं नाही.

या दिवसांत सायकल कुठे ठेवायची? कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे एक दिव्याचा खांब आहे. तिथे मी कुलूप लावायला गेले तर आधीच चार सायकली एकाच साखळीत ओवलेल्या. मी जागा शोधत असताना मागून आवाज आला, "मॅडम, माझ्या सायकलला लावा, कोणी नेत नाही." गेटवरचे मामा. काळी, उंच, जुन्या पद्धतीची दांडीवाली सायकल त्यांची. ते उत्तमनगरहून येतात, बारा तासांची ड्यूटी करतात आणि तीवरूनच परत जातात. बाकीच्यांत एक कँटीनच्या पोऱ्याची, दोन सफाईवाल्यांच्या. म्हणजे ज्या ऑफिसात सायकल दिनाला पाचच जण सायकल चालवत आले होते, तिथे रोज चार सायकली येतच होत्या. फक्त गेटाबाहेर. आणि मला अडवणारा माणूस माझ्याआधी रोज स्वतःची सायकल इथे लावून मग गेटवर उभा राहत होता.

मला हे आधी दिसलं नव्हतं, हे कबूल करते. वीस वर्षं स्कूटरवरून येताना मी त्या खांबाजवळून वळले असेन. आपल्याकडे हेल्मेट घातलेला सायकलिस्ट असतो आणि न घातलेला सायकलवाला असतो. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगांबाहेरच्या कामगारांना कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के निघाले, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. आमच्या ऑफिसातले "आता सायकल कोण चालवतं हो?" असं म्हणतात, तेव्हा ते या १३ टक्क्यांमध्ये बसणाऱ्या माणसाने आणून दिलेला चहा पीत असतात.

जुलै असाच गेला. पावसात सीटवर पिशवी, पिशवीवर गाठ. एकदा घंटी चोरीला गेली, एकदा मागचा लाल दिवा. नवी घंटी पन्नास रुपयांची लावली, ती आधीच्यापेक्षा चांगली वाजते.

काम फिरलं ते भावामुळे. तो आर्किटेक्ट आहे. त्याला हे रडगाणं ऐकवत होते तर तो म्हणाला, "इमारत किती साली झाली? मंजूर नकाशा बघ. पुण्याच्या जुन्या बांधकाम नियमांत पार्किंगचा हिशेब तीन रकान्यांत असायचा. मोटार, स्कूटर, सायकल." मी अ‍ॅडमिनकडे नकाशाची प्रत मागितली. मिळायला पंधरा दिवस. निळसर, घडीवर फाटलेला तो कागद मी आणि अ‍ॅडमिनच्या गृहस्थांनी टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. खाली उजवीकडे तक्ता होता. मोटारी इतक्या, स्कूटर इतक्या, आणि तिसऱ्या रकान्यात सायकली: ६०. तळघरात जिन्याखालून लिफ्टपर्यंत तुटक रेषांचा एक चौकोनही आखलेला.

आम्ही बॅटरी घेऊन खाली गेलो. चौकोनाच्या जागी मोडक्या खुर्च्या, जुने प्रिंटर, दिवाळीच्या आकाशकंदिलांचे सांगाडे, आणि गुंडाळून ठेवलेला 'पेडल फॉर द प्लॅनेट'.

अ‍ॅडमिनचे गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खुर्च्या भंगारात द्यायच्याच होत्या." त्या माणसाचं मला कौतुक आहे. त्याने वर काय सांगितलं कोण जाणे, पण आठ दिवसांत फॉर्ममध्ये वाहन प्रकारात 'सायकल' आलं, आणि आरसी, विमा, पीयूसीपुढे 'लागू नाही' चालू लागलं. फक्त नंबर हवाच. नंबर नसेल तर स्टिकर छापणारं मशीन अडतं. शेवटी फ्रेमचा नंबर चालेल असं ठरलं.

फ्रेमचा नंबर कुठे असतो हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मामांना होतं. त्यांनी सायकल गेटापाशीच उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी, आणि पेडलच्या आसाखालचा चिखल किल्लीने खरवडला. मग खिशातलं फडकं थुंकीने ओलं करून पुसलं. ठोकून उमटवलेले आकडे वर आले. मी एकेक वाचला, फॉर्ममध्ये भरला, आणि हिरवी खूण आली. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बघ. म्हटलं नव्हतं?"

गणपतीच्या आदल्या आठवड्यात स्टिकर आला. तो मोटारीच्या काचेला आतून चिकटवायचा होता, मी चेनकव्हरवर लावला. तळघरात पहिल्या दिवशी माझी एकटीची सायकल. महिन्याभरात आमच्या मजल्यावरच्या दोघांच्या आल्या, त्यातली एक गिअरची, तिला वेगळं कव्हर.

मामांची मात्र खांबालाच. विचारलं तर कळलं, स्टिकर फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांना. मामा कंत्राटी. कँटीनचा पोरगा कंत्राटी. सफाईवाले कंत्राटी. अ‍ॅडमिनच्या गृहस्थांनी या वेळी चहा मागवला नाही, फक्त हात उघडे केले.

रात्री घरी मी तो फॉर्म पुन्हा उघडला. अगदी तळाशी बारीक अक्षरांत होतं: 'एका कर्मचाऱ्यास कमाल दोन वाहने.'

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत मामांची सायकल टपरीमागे उलटी केली. जुनं लोखंड, नंबरावर रंगाचे तीन थर. मामा किल्लीने खरवडत होते, मी फोनचा उजेड धरून वाचत होते. शेवटचा आकडा काही लागेना.

"तीन आहे का आठ, मामा?"

त्यांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, पुन्हा बघितलं.

"आठ लिहा मॅडम. गेटवर तपासायला मीच आहे."