युबा सिटी, एंजल आयलंड आणि फॉर्ममधला एक रकाना

लेकीकडे कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला पोचले त्याच आठवड्यात नातीच्या शाळेचा फॉर्म भरणं चाललं होतं. त्यात वंशाचा रकाना, आणि लेकीने भाजी परतता परतता 'एशियन इंडियन'वर टिक करून टाकली. मी म्हटलं अगं, हे आपलं नाव ठेवलं कुणी? शोधलं तर कळलं, अमेरिकेच्या जनगणनेत हा रकाना 1980 साली आला. 1970 ला आपली माणसं गोऱ्यांत मोजली होती, आणि 1930 आणि 1940 ला वंश म्हणून चक्क 'हिंदू' लिहायचे, मग माणूस शीख असो की मुसलमान. मला काही चैन पडेना.

शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीने एंजल आयलंडला गेलो. धक्क्यावरून पायऱ्या चढून बरंच चालावं लागतं, गुडघे बोलायला लागले पण गेले. 1910 ते 1940 आशियातून येणाऱ्यांना इथे अडकवून ठेवायचे, चिनी जास्त, कारण चिनी मजुरांना 1882 पासूनच बंदी. कुणी दिवस, कुणी महिने. भिंतींच्या लाकडात त्यांनी कविता कोरल्यात, वरून रंगाचे हात मारले तरी अक्षरं वर येतात. इमारत पाडायचं ठरलं होतं, 1970 ला एका रेंजरचं त्या अक्षरांकडे लक्ष गेलं म्हणून वाचली. मी तिथे खूप वेळ उभी होते. पंजाबातून आलेले कितीतरी जणही इथूनच परत पाठवले गेले.

जे आत शिरले त्यांचा माग काढत रविवारी युबा सिटी. सॅक्रामेंटो सोडलं की भाताची खाचरं, पीच आणि अक्रोडाच्या बागा, आणि सपाटीत मधेच सटर बट्सचे डोंगर. पंजाबच्या शेतकऱ्याला इथे घरासारखं वाटलं असेल तर नवल नाही. पण घर कसं करणार? 1917 च्या कायद्याने आशियातून येणं जवळजवळ बंद, म्हणजे बायको गावाकडून आणता येईना. 1923 ला भगतसिंग थिंद खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व नाही. थिंद अमेरिकन सैन्यात राहिलेला माणूस हो! आणि नागरिकत्व नाही म्हणून कॅलिफोर्नियात जमीनही घेता येत नाही. तळेगाव ढमढेऱ्याचा आपला विष्णू गणेश पिंगळे या निकालाच्याही आधी अमेरिकेत शिकायला आला आणि गदर या इंग्रजांविरुद्धच्या क्रांतिकारी संघटनेत जाऊन 1915 ला लाहोरला फासावर गेला, ते उगाच नाही असं मला तिथे फिरताना सारखं वाटत होतं.

गोऱ्या बाईशी लग्नाला कायदा आड. मग कापसाच्या शेतात काम करणाऱ्या मेक्सिकन मुलींशी लग्नं झाली, एकीचं झालं की तिच्या बहिणीचं. काउंटरवरचा क्लार्क दोघांच्या तोंडाकडे बघायचा आणि दोघांपुढे 'ब्राउन' लिहून लायसन्स द्यायचा. त्या एका शब्दावर शेकडो संसार उभे राहिले. मुलं बहुतेक कॅथलिक, घरात स्पॅनिश, आडनाव सिंग, आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव 'मेक्सिकन हिंदू'. काहींनी जमीनही या मुलांच्या नावावर केली, कारण इथे जन्मलेले म्हणून तेच घरातले नागरिक. 1946 ला नागरिकत्वाचं दार उघडलं आणि 1965 नंतर गावाकडून पूर्ण कुटुंबं यायला लागली, तशी ही मुलं नव्या पंजाब्यांना आपली वाटेनात. हे मला सगळ्यात लागलं.

गुरुद्वारात लंगरला शेजारी एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. वडील जालंधरचे, आई मेक्सिकोची. लेक इंग्रजीत विचारत होती, मला मराठीत सांगत होती. पंजाबी शिकवायला बाबांना वेळ कुठे होता, त्या म्हणाल्या, पहाटे शेतावर जायचे ते रात्रीच यायचे. आज बाबांचा स्मृतिदिन होता. सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावून त्या इकडे आल्या होत्या. वाढणारा पोरगा पुढे सरकत होता, त्याला थांबवून त्यांनी माझ्यासाठी अजून एक रोटी मागून घेतली.