कडक ते कंपनीचं, मऊ ते दुकानाचं

गौरीला आत्या माहेरी येते, म्हणून मी तिला आणायला गाडी घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर ती उतरली आणि बाबा म्हणाले, "अगं, मागे हे काय लागलंय तुझ्या?" मोतिया रंगाच्या साडीवर काळे पापुद्रे चिकटले होते, जळलेल्या कागदाची राख उडून बसावी तसे. झटकले की बोटांना चिकटत आणि चोळले की साडीत मुरत. आत्या मला काहीच बोलली नाही. आईला बोलली.

गाडी २०१३ सालची वॅगन आर, सेकंडहँड. घेतली त्याच आठवड्यात मी हौसेनं तिला लेदरची सीट कव्हरं बसवून घेतली होती. साडेसात हजार रुपये दिले. बिलावर ठळक अक्षरांत 'प्रीमियम लेदर फिनिश' असं होतं, पण त्यातला 'फिनिश' मी तेव्हा नीट वाचला नाही. पहिली तीन वर्षं गाडीत बसलं की साहेब झाल्यासारखं वाटायचं. पुढे रत्नागिरीच्या पावसानं आपलं काम केलं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने गाडीच्या काचा बंदच असतात. श्रावण आला की सीटांवर पांढरी बुरशी धरायची. पुसली की आठ दिवसांनी हजर. वास तर असा की पाहुणे गाडीत बसल्याबसल्या "काच जरा खाली घे रे" म्हणायचे.

ज्या दुकानात कव्हरं बसवली होती तिथे विचारलं. नवीन घेणार असाल तर जुनी फुकट काढून देऊ, नुसती काढायची तर आठशे रुपये. आठशेला ना नव्हती, पण तो माणूस बोलताबोलता नव्या कॅटलॉगची पानं उलटत होता. मी घरी आलो आणि दिवाळीच्या साफसफाईत हे काम आपणच उरकायचं ठरवलं.

ऑक्टोबरचं ऊन कामाला आलं असतं. गाडी तासभर उन्हात ठेवली की रेक्झिन नरम पडतं, हे मला नंतर कळलं. सुरुवात केली ती सकाळी सातला, थंडाव्यात आणि वरून. हेडरेस्टच्या दोन दांड्यांपैकी एकीच्या बुडाशी बटण असतं. ते दाबून हेडरेस्ट ओढलं, ते निघालं. इथपर्यंत छान. मग वाटलं, उशीचा अभ्रा काढतात तसं पाठीचं कव्हर वर ओढून काढू. ते चार बोटं सरकलं आणि अडलं. दांड्या ज्या प्लास्टिकच्या कॉलरांतून जातात त्यांच्या कडेखाली रेक्झिन दाबून बसवलेलं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून कडा उचकटल्या. पुन्हा ओढलं. आता ते खालून धरलेलं होतं. मी जोर लावला, शिवणीतून 'टर्र' असा आवाज आला आणि हातात काळ्या पापुद्र्यांची मूठ आली.

बाबा पडवीत पेपर वाचत होते. "कपडे काढताना आधी नाडी सोडतात," एवढंच म्हणाले.

खरंच, सगळ्या गाठी खाली होत्या. ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून मागच्या मॅटवर उताणा पडलो, मोबाइलचा टॉर्च दातांत धरला आणि पहिल्यांदाच माझ्या सीटचं पोट बघितलं. नायलॉनच्या नाड्या, त्यांच्यावर मारलेल्या आंधळ्या गाठी, स्प्रिंगांत अडकवलेले एसच्या आकाराचे हूक आणि ताण गेलेलं इलास्टिक. पाठीच्या कव्हरची एक पट्टी गादी आणि पाठ यांच्यामधल्या फटीतून मागे आणून वेल्क्रोनं चिकटवलेली होती, आणि माझी सगळी ओढाताण तिच्याशीच चालली होती. ती सोडल्यावर पाठीचं कव्हर दोन मिनिटांत वरून निघालं. जे सकाळी पाऊण तासात झालं नव्हतं ते.

गादीचं कव्हर सोडवताना मात्र मी चुकलो. नाड्या कापल्या, हूक सोडले आणि त्या भरात फ्रेमच्या कडेला बसलेली एक लांब, टणक प्लास्टिकची पट्टीही उचकटून काढली. कव्हर सुटलं, पण सोबत कंपनीचं मूळ कापडही ढिलं पडून फोमपासून सुटून लोंबायला लागलं. दोन कव्हरं एकात एक, आणि मी दोघांचीही नाडी सोडून बसलो होतो. त्याच वेळी फ्रेमच्या धारदार पत्र्यानं अंगठा कापला. खोल नव्हतं, पण पत्रा गंजलेला, त्यामुळे आईनं धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय जेवायला वाढलं नाही. सीटखाली हात घालायचा तर हातमोजे घाला. मी घातले ते नंतर.

इंजेक्शन घेऊन येताना आठवडा बाजाराजवळ रिक्षांचे हूड आणि कुशनं शिवणाऱ्या चाचांकडे थांबलो. कव्हरचा एक तुकडा पिशवीत होता. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला, कापलेली कड माझ्यापुढे धरली. मागे पांढरी विणलेली जाळी होती आणि तिच्यावर कागदाएवढा काळा थर.

"कातड्याची कड कापली तर तंतू दिसतात. हे कापडावर पीयू ओतलंय. दमट हवेत असंच सोलतं."

"बिलावर लेदर लिहिलंय, चाचा."

"बिल कागदाचं असतंय."

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक. त्याचा थर हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो. त्याचा चुलतभाऊ पीव्हीसी, हेही प्लास्टिकच, उन्हात त्याचा मऊपणा घालवून बसतो, कडक होतो आणि मग तडकतो. म्हणजे किनाऱ्यावर एकाचे पापुद्रे निघतात आणि दुसऱ्याला भेगा पडतात. बुरशीला दोन्ही सारखेच, कारण घाम आणि धूळ दोघांवरही बसते आणि खालचा ओलावा वर यायला वाट मिळत नाही.

मूळ कापड सुटल्याचं सांगितलं तेव्हा ते हसले. "सोपं आहे. कडक ते कंपनीचं, मऊ ते दुकानाचं. पट्टी, क्लिप, जे फ्रेमवर कटकन बसतंय त्याला हात लावू नका. नाडी, इलास्टिक, वेल्क्रो, ते सगळं बाहेरचं." मी निघताना त्यांनी मागून हाक मारली, "आणि रिंगा असतील तर कापा, ओढू नका. कापलीत तर मोजा."

घरी येऊन ती प्लास्टिकची पट्टी परत फ्रेमच्या कडेवर दाबून बसवायला तास गेला. तिचा छेद इंग्रजी जे अक्षरासारखा असतो. एका टोकापासून सुरुवात करून कापड तळहातानं ताणत पुढे गेलं की ती बसते. मी मधून सुरू केलं, तेव्हा दोन्ही टोकं उरली.

बाजूच्या सीटला वेगळीच पंचाईत. वॅगन आरच्या त्या सीटखाली ओढून काढायचा ट्रे असतो. भाजीची पिशवी, छत्री ठेवायला झकास, पण कव्हर काढताना त्याची चौकट नेमकी गाठींच्या आड येते. दुसऱ्या दिवशी ती सीटच काढली. पुढे दोन आणि मागे दोन असे चार बोल्ट होते, माझ्या गाडीला चौदाचा पाना लागला. तीन निघाले. चौथा खाऱ्या हवेनं असा गंजलेला की गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवावा लागला.

नव्या गाड्यांत ही हिंमत करू नका. जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटांना बेल्टची आठवण करून देणारा बीप सक्तीचा झाला, त्यामुळे सीटखालून वायरी गेलेल्या असतात. पिवळा कनेक्टर दिसला तर तो बहुधा एअरबॅग किंवा बेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेचा, त्याला हात लावायचा नाही. ताईच्या गाडीत तर सीटच्या कुशीवर 'एसआरएस एअरबॅग' असं छोटं लेबल शिवलेलं आहे. पिशवी त्या शिवणीतूनच फुटून बाहेर येते. तिथे साधं कव्हर घट्ट ताणून चढवणं म्हणजे एअरबॅगच्या तोंडाला बोळा कोंबणं. माझ्या गाडीत एअरबॅगच नाही, म्हणून एवढी मुजोरी चालली.

काढलेली सीट खळ्यात सतरंजीवर उलटी ठेवली आणि काम खरंच खेळ झालं. कॅरम खेळायला बसावं तसं मांडी घालून बसलो. इथेच चाचांच्या रिंगा भेटल्या. पाठीला 'बकेट' आकार यावा म्हणून दुकानातल्या माणसानं कव्हरची खाच लोखंडी सी-रिंगांनी थेट मूळ कापडात आणि फोमात घुसवून दाबली होती. रिंग कडक आणि तरी दुकानाची, म्हणजे चाचांचा नियम इथे मोडला. पण नियम मोडेल तिथे काय करायचं तेही त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं. कटरनं एकेक रिंग मधोमध तोडली आणि दोन्ही अर्धे पक्कडीनं बाहेर काढले. रिंगा होत्या बारा, म्हणजे तुकडे चोवीस हवेत. वाटीत तेवीस.

कव्हर अखेर उलटं सोलून काढलं, तेव्हा त्याच्या आतल्या पातळ स्पंजची पिवळी पूड झालेली होती. हुबेहूब बेसन. व्हॅक्युम क्लीनर दोनदा भरला. खाली मूळ करडं कापड, त्यावरची निळी रेघ नवीकोरी. मध्ये मध्ये बुरशीचे काळपट ठिपके होते. ते आधी सुक्या ब्रशनं झाडले, तेही बाहेर आणि तोंडाला फडकं बांधून. मग पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून पुसले, शेवटी साबणाचा नुसता फेस फिरवला. पाणी ओतलं असतं तर फोमनं ते आठवडाभर धरून ठेवलं असतं. दोन दिवस ऊन दिलं. ठिपके फिकट झाले, गेले नाहीत.

फटींतून जे निघालं ते आईनं परातीत मांडलं. एकोणीस रुपये सुटे, माझ्या भाच्याचा एक मोजा, कोकमाच्या बिया आणि तासवडे टोलनाक्याची पावती, फास्टॅग सक्तीचा होण्याआधीची. त्या प्रवासात बाबांनी सुट्या पैशांऐवजी चॉकलेट घ्यायला नकार देऊन मागे रांग लावली होती. "मी बरोबर होतो," पावती बघून ते म्हणाले.

चोविसावा तुकडा काही केल्या सापडेना. तो कापडात राहिला असता तर कुणाच्या तरी मांडीत गेला असता. जुन्या स्पीकरचं चुंबक काढून सीटवर इंच इंच फिरवलं, सतरंजीवर फिरवलं, अख्खं खळं पालथं घातलं. संध्याकाळी तो माझ्याच स्लीपरच्या तळव्यात रुतलेला निघाला.

सीट परत बसवताना चारही बोल्ट आधी हातानं आटे धरून फिरवले आणि मगच पान्यानं आवळले. एक आधी पूर्ण आवळला तर बाकीच्यांची भोकं जुळत नाहीत. पुढेमागे सरकवून, दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिलं. धक्का बसला तर माणसाला धरणारे हे चारच बोल्ट. मागच्या सीटला मात्र सगळं मिळून अर्धा तास लागला. तिथे चाचांचा नियम जसाच्या तसा लागू पडला.

कव्हरांचा मोठा ढीग कचऱ्याच्या गाडीत गेला. त्यातल्या त्यात धड राहिलेला एक तुकडा बाबांनी विहिरीवरच्या पंपाला झाकायला ठेवून घेतला. पंपावरही पापुद्रे पडतात, पण पंप कुणाकडे तक्रार करत नाही.

भाऊबीजेला आत्याला आणायला पुन्हा मीच गेलो. तिनं मागचं दार उघडलं, सीटवर तळहात फिरवला आणि उजेडात धरून बोटं पाहिली. स्वच्छ होती. मग पिशवीतून घरून आणलेला टॉवेल काढला, नीट अंथरला आणि त्यावर बसली.