उरेब झगा रात्रभर टांगला होता

‘आमची सगळ्यात देखणी मॉडेल आज अमेरिकन व्यापाऱ्याने विकत घेतली.’ अनुवादाचा खर्डा तपासताना हे वाक्य आलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. दोन ओळींनंतर पुतळे चहा पीत बसले होते.

कादंबरी लंडनमधली, कपडे रेशनवर होते त्या काळातली. मेफेअरच्या एका शिवणघरात काम करणाऱ्या मुलीची हलकीफुलकी प्रेमकथा. त्या काळी या धंद्यात ‘मॉडेल’ म्हणजे कपडा, नव्या डिझाइनचा मूळ नग. तो घालून गिऱ्हाइकांपुढे चालणारी मुलगी ती ‘मॅनेक्विन’. खरा पुतळा पुस्तकात ‘स्टँड’ म्हणून येतो. आज शब्दांचे अर्थ फिरलेत, त्यामुळे अनुवादकाचा घोटाळा समजू शकतो. तरी प्रत्येक जागा वाचूनच दुरुस्त करावी लागली.

पुस्तकातल्या कूपनांचंही तेच. ती सवलतीची नव्हेत, रेशनची. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ कपडे रेशनवर होते. रेशन सुरू झालं तेव्हा पैशांखेरीज लांब बाह्यांच्या लोकरी झग्याला ११ आणि सुती झग्याला ७ कूपनं मोजावी लागत. नायिका बहिणीला सात कूपनं देते, म्हणजे स्वतःचा एक अख्खा झगा सोडते.

खरी गफलत मात्र पुढे होती. नायिका भल्या पहाटे शिवणघरात येते आणि तिथे तिला नायक भेटतो. ती इतक्या लवकर का येते, हे खर्ड्यात कुठेच नव्हतं. मूळ पुस्तक उघडलं, तर शिवणकामाचा म्हणून अर्धा परिच्छेद गाळलेला! झगा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपा, कापलेला आहे. उरेब कापडात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही तिरपे लोंबतात, स्वतःच्या वजनाने ताणतात, आणि घेर कुठे कमी, कुठे जास्त उतरतो. म्हणून झगा निदान रात्रभर टांगायचा. मग स्टँडवर चढवून, जमिनीपासून पट्टीने सारखं अंतर मोजत टाचण्या लावायच्या, जादा कापड छाटायचं आणि त्यानंतरच मुडप घालायची. आदल्या संध्याकाळी मुडप घातली असती, तर कड खालीवर झाली असती. गिऱ्हाईक सकाळीच येणार, म्हणून पहाट. अशा कादंबऱ्यांत प्रेम कामाच्या वेळापत्रकावर चालतं. काम गाळलं की भेटीला कारणच उरत नाही.

परिच्छेद परत घातला. नायक तिला काहीतरी विचारतो, तिथे खर्ड्यात होतं, ‘ती लाजून गप्प राहिली.’ मूळ वाक्यात ती घेरापाशी गुडघ्यांवर बसली आहे आणि तिच्या ओठांत पाच टाचण्या आहेत.