सात टक्के

इथे नॉर्वेतल्या बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, त्यामुळे बसथांब्याच्या काचेआडची जाहिरात न्याहाळायला वेळच वेळ असतो. मागच्या महिन्यात अशीच छत्री मिटून उभी होते. शेजारी सातवीतली लेक. समोर पोहण्याच्या कपड्यांची जाहिरात, आणि चित्रावर गोल शिक्का: 'रेतुशेर्त पेर्सून'. म्हणजे फोटोतली व्यक्ती हात फिरवून सुधारलेली आहे.

"आई, शिक्का! फोटो काढ लवकर," लेक म्हणाली. एखादा दुर्मीळ पक्षी दिसावा तसं. आणि खरंच, चार वर्षांत मी तो शिक्का हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच पाहिलाय.

कायदा असा आहे. 1 जुलै 2022 पासून नॉर्वेत जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार, बांधा किंवा त्वचा फोटोत बदलली असेल, तर त्यावर हा ठरावीक शिक्का लावावाच लागतो. साधारण चित्राच्या सात टक्के जागा व्यापेल एवढा मोठा, म्हणजे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लपवायची सोय नाही. कंबर बारीक केली, ओठ फुगवले, दंड भरले, फिल्टर लावून कातडी गुळगुळीत केली, सगळ्याला लागू. पैसे घेऊन इन्स्टाग्रामवर क्रीम विकणाऱ्यांनाही लागू. पार्श्वभूमीचं आकाश निळं केलं तर चालतं. मेकअप केला तरी चालतो. एवढा थोरला डाग चित्रावर घेण्यापेक्षा फोटो आहे तसाच छापलेला बरा असं जाहिरातदाराला वाटावं, हाच त्यातला डाव.

इथे यासाठी एक शब्द आहे, 'क्रोप्सप्रेस'. क्रोप म्हणजे शरीर, प्रेस म्हणजे दाब. लेकीच्या शाळेत यावर चर्चा होते, तिला तो शब्द 'होमवर्क'इतकाच सवयीचा. मी मात्र पहिल्यांदा ऐकला तेव्हा थांबले होते. आमच्याकडे दाब होता, त्याला नाव नव्हतं. उलट त्यालाच काळजी म्हणायचे.

घरी आल्यावर मी कागदपत्रांच्या फाइलमधून माझा एक फोटो काढून तिला दाखवला. 2004, मिरज. पोस्टकार्ड साइझ, लग्नासाठी काढलेला. मी सावळी. आमच्या घरातल्या भाषेत "सावळी, पण नाकीडोळी नीटस". त्या 'पण'वर माझं अख्खं लहानपण गेलं. टीव्हीवर दर अर्ध्या तासाला एक सावळी मुलगी रडायची, ट्यूबमधलं क्रीम लावायची, उजळायची आणि लगेच तिला नोकरी लागायची. आईने कधी मला तू काळी आहेस असं म्हटलं नाही, पण आंघोळीआधी डाळीचं पीठ आणि साय मात्र चुकली नाही. विठोबा सावळा चालतो, सून चालत नाही, हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

तर तो फोटोवाला. त्याने कॉम्प्युटरवर फोटो उघडला, माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "ताई, जरा ब्राइट करून देऊ?" कॉपीमागे दहा रुपये जादा. आईने दहा कॉप्या करायला सांगितल्या. फोटो आला तो असा: चेहरा दुधात बुडवून काढलेला, मानेपाशी एक पुसट रेघ, आणि मांडीवर ठेवलेले हात मात्र माझेच. चुलीवरची भाकरी आणि पिझ्झा एका ताटात वाढावं तसं काहीतरी.

हा फोटो चार घरी गेला. तिघे पाहायला आले. त्यातल्या एका मुलाच्या मामांनी पोहे खाता खाता एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिशातल्या पाकिटाकडे. आठवड्याने निरोप आला, "फोटोत उजळ वाटली होती." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. ज्या मुलीला बघायला ते आले होते ती घरात नव्हतीच. (माझ्या नवऱ्याची ओळख कॉलेजातली. त्याने हा फोटो लग्नानंतर पाहिला आणि विचारलं, "ही कोण?")

लेकीला मात्र हे काही केल्या कळेना. तिला 'दिसण्याचं टेन्शन' समजतं, तिच्या वर्गात आहेच ते. तिला दिशा कळत नव्हती. गोरं कशाला व्हायचं? तिच्या जगात सगळे उलट धावतायत. इथे ईस्टरला लोक पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये संत्री घेऊन डोंगरातल्या लाकडी खोपटांत जातात, बर्फात पाय पसरून, तोंड सूर्याकडे करून तासन् तास बसतात, आणि सुट्टीनंतर ऑफिसात तांबूस तोंडं मिरवतात. त्यालाही शब्द आहे, 'पोस्केब्रून', ईस्टरचा तपकिरी. माझी सहकारी एकदा आपला दंड माझ्या दंडाला लावून म्हणाली, "तू किती नशीबवान." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आईचे दहा कॉप्यांचे शंभर रुपये आठवले.

पण यालाही भुलायचं नाही हे हळूहळू कळलं. रंग चढवायच्या दिव्यांच्या दुकानांत, सोलारियममध्ये, 2012 पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना बंदी आहे. तशी ती उगाच नाही आणली. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात जास्त असलेल्या देशांत नॉर्वे येतो. तिकडे क्रीम, इकडे दिवे. मला डॉक्टरांनी सांगितलं, तुझ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, हिवाळाभर ड जीवनसत्त्व घे. माझ्या रंगाबद्दल आजवर कुणी केलेलं सगळ्यात निर्विकार विधान ते हेच. फार बरं वाटलं.

शिक्क्याने काय साधतं, हाही प्रश्नच आहे. फोटो सुधारलेला आहे असं लिहून ठेवल्याने बघणाऱ्याचं मन आपल्या शरीराबद्दल निवळत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि कायदा जाहिरातीपुरता. आमच्या फॅमिली ग्रुपवर भाच्यांचे जे फोटो येतात त्यांत सगळ्यांच्या हनुवट्या एकाच कारखान्यातून आल्यासारख्या, तिथे कोण शिक्का मारणार? तरी मला तो आवडतो. त्याने मला जे कळलं ते जाहिरातीबद्दल नव्हतंच.

झालं असं की लेकीला 'रेतुशेर्त' हा शब्द इतका आवडला की ती दिसेल त्याला लावत सुटली. रंगवलेल्या पनीरला, शेजाऱ्यांच्या हिरवळीला. एका रविवारी मी आधी आईशी बोलले, मग पुण्याच्या नणंदेशी. फोन ठेवला तर ही म्हणते, "आई, तू आवाज रीटच करतेस."

म्हणजे?

"आजीशी बोलताना तू 'मी येतो' म्हणतेस. आत्याशी 'मी येते'."

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे मुलीही "मी जेवून येतो", "मी आलो" असंच म्हणतात. त्यात काही बंडबिंड नाही, भाषाच तशी. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच रात्री मी मेसच्या दारात "मी आलो" म्हटलं आणि सगळं टेबल हसलं. वाईट हेतूने नाही. त्यांनी ही बोली टीव्हीवर आणि सिनेमात ऐकली होती, आणि तिथे ती बहुतेकदा गुंडाच्या नाहीतर विनोदी नोकराच्या तोंडी असायची. महिन्याभरात मी 'आले', 'गेले', 'जेवले' शिकले. वीस वर्षं झाली. गोऱ्या फोटोची मला लाज वाटते, पण या आवाजाची वाटली नव्हती. तो मला माझाच वाटत होता.

आता गंमत ऐका. नॉर्वेजियनच्या बहुतेक बोलींत मुलगी स्त्रीलिंगी, 'येंता'. बर्गनच्या बोलीत स्त्रीलिंगच नाही. इथे मुलगी 'येंतेन' होते, म्हणजे पुस्तकाला किंवा मुलाला लागतो तोच प्रत्यय. आणि बर्गनकर हे ओस्लोत जाऊनही तसंच बोलतात. एनआरके या सरकारी वाहिनीवर लोक आपापल्या गावच्या बोलीत बोलतात आणि कुणी हसत नाही. शाळेत शिक्षकाने पोरांच्या तोंडची बोली बदलू नये हे या देशात 1878 पासून चालत आलंय. लेकीचा 'र' बर्गनकरांसारखा घशातून येतो, आणि तिला तो सुधारावा असं कधी वाटलेलं नाही.

मी नणंदेशी "मी करतो फोन उद्या" असं बोलून पाहिलं. ती म्हणाली, "कुणाला देऊ फोन?" तिला वाटलं नवरा मध्येच बोलला. अजून जमलेलं नाही. दोन वाक्यं झाली की जीभ आपोआप पुण्याला जाते.

त्या फोटोचं सांगायचं राहिलं. लेकीने पट्टीने मोजमाप केलं: दहा बाय पंधरा सेंटीमीटर, म्हणजे दीडशे, त्याचे सात टक्के साडेदहा. मग कंपासमध्ये एक पूर्णांक आठ सेंटीमीटर त्रिज्या धरून कागदाचा गोल कापला, त्यावर 'रेतुशेर्त पेर्सून' लिहिलं आणि फोटोवर चिकटवून तो फ्रिजवर लावला. व्हिडिओ कॉलवर आईच्या नजरेला पडलाच.

"काय चिकटवलंयस गं ते?"

लेकीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सगळा कायदा आजीला सांगितला. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग साडीवरबी लाव एक. ती कुठं आपली होती, शेजारच्या वहिनींची मागून आणलेली."

लेक जरा विचारात पडली. मग म्हणाली, "नाही आजी. कपडे त्यात येत नाहीत."