आजीने ऐकलेला अभ्यास

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा शाळेतल्या बाई आणि सर डोळ्यांसमोर आले. त्यांचं ऋण मोठंच आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते माझ्या आजीविषयी.

आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती घर सांभाळायची म्हणून आईला नोकरी करता आली. जून आला की वह्यांना कव्हरं घालणं, गणवेशाच्या स्कर्टची दुमड उसवून तो वाढवणं, ही कामं तिची. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत ज्या मुलींच्या घरी शिवणारं कुणी नसे, त्यांचे नाचाचे कपडेही तीच शिवून द्यायची.

पण माझ्या मनात राहिली आहे ती संध्याकाळ. ती कामात असायची आणि मी मोठ्याने धडा वाचायचा, हा तिचा नियम. माझा आवाज जरा घाईत आला की तिचे हात थांबत. "हे तुला समजलेलं नाही. परत वाच." सातवी-आठवीचं विज्ञान तिने कधी शिकलेलं नव्हतं, तरी ती अचूक तिथेच अडवायची. झाडं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, हे वाचल्यावर तिने विचारलं, "मग रात्री काय करतात गं?" तो प्रश्न मी वर्गात नेला. बाईंनी उरलेला तास त्यावरच घेतला. झाडांचा श्वास दिवसरात्र चालूच असतो, हे मला तिथे कळलं.

पुढे मी अर्थशास्त्र शिकले आणि आता शिकवते. घरच्यांसाठी घरात केलेला स्वयंपाक, शुश्रूषा, मुलांचा सांभाळ राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत, हे मुलांना सांगताना दरवर्षी आजी आठवते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात रोज 16.4 अब्ज तास असं बिनपगारी काम होतं, आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया करतात. मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1934 मध्येच एक कसोटी मांडली होती: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते उत्पादक काम. या कसोटीवर आजीचं शिवण बसतं, स्वयंपाक बसतो, आजारपणातली जागरणंही बसतात. तिचं ऐकणं मात्र मला कुठेच बसवता येत नाही. माझ्या आवाजावरून माझं अज्ञान ओळखणारं माणूस पगारावर कुठून आणणार?

दहावीच्या निकालाला सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आजीने गुणपत्रिका हातात घेऊन विज्ञानाचे गुण तेवढे दोनदा विचारले. मी कॉलेजला गेले, त्याच वर्षी धाकटी चुलत बहीण पाचवीत आली. अभ्यासक्रम बदलला होता. आजीने तिला समोर बसवलं आणि म्हणाली, "ही पुस्तकं मला नवी आहेत. पहिल्या धड्यापासून वाच, आणि सावकाश वाच."