तुम्ही विचारलंत म्हणून: हीट पंप कुठल्या कंपनीचा घेऊ?

मंडळाचा गणपती असो की रविवारच्या मराठी शाळेबाहेरचं पार्किंग, सप्टेंबर लागला की कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "दादा, हीट पंप कुठल्या कंपनीचा घेऊ? मित्सुबिशी, डायकिन, की सरळ कॅरिअर?" हातातल्या फोनवर तीन कोटेशनं असतात, तिन्हींचे आकडे तीन दिशांना, आणि बेसमेंटमधला तेलावरचा बॉयलर शेवटच्या घटका मोजत असतो. घाई मला समजते. पण उभ्या उभ्या एक नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो, आमचा हीट पंप, म्हणजे विजेवर घर तापवणारं यंत्र, २०२१ च्या शरदात बसला. जे सांगतोय ते इथल्या थंडीचं आणि इथल्या बाजाराचं आहे.

आधी नावांचंच बघू. पाट्या वीस-पंचवीस दिसतात, घराणी मात्र मोजकी. गुडमन आणि अमाना २०१२ पासून डायकिनच्या घरात आहेत. ब्रायंट ही कॅरिअरचीच. ट्रेन आणि अमेरिकन स्टँडर्ड सख्खी भावंडं. मित्सुबिशी इलेक्ट्रिकची यंत्रं अमेरिकेत २०१८ पासून ट्रेनबरोबरच्या भागीदारीतून विकली जातात. तेव्हा "ब्रायंट बरी की कॅरिअर" यावर रात्री जागवू नका.

माझं मत हवंच असेल तर हे घ्या. ज्या घरात डक्ट, म्हणजे खोल्यांत गरम हवा नेणारे मार्ग, नाहीत, रेडिएटर आहेत, तिथे भिंतीवरच्या युनिटांसाठी मी मित्सुबिशी, डायकिन आणि फुजित्सू यांच्या बाहेर सहसा जात नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये यांचा हात जुना आहे आणि इथे त्यांचे सुटे भाग व शिकलेले टेक्निशियन मिळतात. तिघांतली निवड मी बसवणाऱ्यावर सोडेन. त्याचा हात ज्या यंत्रावर बसलाय, ते घ्यावं. डक्ट असतील तर कॅरिअर, ट्रेन, लेनॉक्स यांची वरची मॉडेलं चांगली आहेत, पण त्यांना बहुधा त्यांचाच थर्मोस्टॅट लागतो आणि दुरुस्तीला त्याच कंपनीच्या माणसाची वाट बघावी लागते. बॉशचं डक्टवालं यंत्र साध्या २४ व्होल्टच्या थर्मोस्टॅटवर चालतं, हा गुण मला मोठा वाटतो. मिडिया आणि ग्री या चिनी कंपन्यांची यंत्रं स्वस्त असतात, पुष्कळदा दुसऱ्याच नावाखाली विकली जातात. ती वाईट असतात असं नाही. पण पाच वर्षांनी सर्किट बोर्ड गेला तर तो कुठून आणि किती दिवसांत येणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

आता एका कंपनीच्या आतच केवढा फरक असतो तो बघा. माहितीपत्रकावरचा क्षमतेचा मोठा आकडा ४७ फॅरनहाइटला मोजलेला असतो. ४७ ला आपण स्वेटर घालून फिरायला जातो! बघायचा तो ५ फॅरनहाइटचा आकडा, म्हणजे उणे १५ सेल्सिअसचा. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली गोळा करून आत आणतो. बाहेर थंडी वाढते तसं हे काम अवघड होत जातं. मित्सुबिशीची हायपर हीट मॉडेलं ५ फॅरनहाइटलाही ठरलेली क्षमता पूर्ण देतात. त्याच कंपनीची साधी मॉडेलं देत नाहीत, आणि कोटेशनवर दोन्हींचं नाव 'मित्सुबिशी' एवढंच असतं. मॉडेल नंबर मागून घ्या. नीप या संस्थेच्या थंड प्रदेशातल्या हीट पंपांच्या यादीत तो टाकला की ५ फॅरनहाइटचे आकडे फुकट दिसतात.

आणि आता आमच्या घरी झालं ते.

पहिल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. जानेवारीचा दुसरा आठवडा. एका सकाळी ती शाल गुंडाळून ओट्याजवळ बसलेली, म्हणाली, "अरे, यातून वारा येतोय, ऊब नाही." युनिटखाली हात धरला तर हवा कोमट. बाहेरच्या यंत्रावर बर्फाचा जाड थर, आणि यंत्राने स्वतःहून बर्फ वितळवूनही (याला डिफ्रॉस्ट म्हणतात) तो खालच्या बाजूने निघत नव्हता. ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला. ते तीन आठवड्यांनंतरची तारीख देत होते. तेवढे दिवस जुन्या बॉयलरवर काढले. शेवटी दुसऱ्याच एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने आतल्या युनिटमागचं इन्सुलेशन सोललं. तांब्याची नळी जिथे नटने जोडलेली असते, त्या फ्लेअरवर तेलाचा ओला डाग होता. त्याने साबणाचं पाणी लावलं आणि आम्ही दोघं बघत राहिलो: मोहरीएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, मग दुसरा. थंडी सुरू झाल्यापासून गॅस तिथून जात होता. फ्लेअर वाकडी कापली होती आणि नट टॉर्क रेंच न वापरता नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळला होता. त्याने नळी नव्याने कापली, नायट्रोजन भरून गळती तपासली, नळीतली हवा आणि ओल ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (हे व्हॅक्यूमचं माप) खाली नेऊन तो टिकतो का ते बघितलं, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. तासाभरात घर तापलं. यंत्रात काहीच दोष नव्हता.

दुरुस्तीचं बिल मात्र आम्हीच भरलं, कारण दहा वर्षांची वॉरंटी होती ती सुट्या भागांची. मजुरी त्यात येत नाही, गॅसही येत नाही. आणि ती दहा वर्षंसुद्धा बसवल्यापासून ६० किंवा ९० दिवसांत नोंदणी केली तरच. पुष्कळ कंपन्या नोंदणी नसेल तर ती पाचवर आणतात. नोंदणी काँट्रॅक्टरवर सोडू नका, स्वतः करा.

तेव्हापासून ज्याने विचारलं त्याला मी सांगतो की बसवणाऱ्याला चार गोष्टी विचार. नायट्रोजनने गळती तपासणार का, व्हॅक्यूमचा आकडा लिहून देणार का, मजुरीची हमी किती वर्षांची, आणि जानेवारीत बंद पडलं तर कोण येणार. ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असलं तरी बाजूला ठेवा. तीस टक्के, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार डॉलरची केंद्राची करसवलत २०२५ च्या अखेरीस संपली. मास सेव्ह या आपल्या राज्याच्या ऊर्जाबचत योजनेचं अनुदान आहे, पण त्याच्या अटी बदलत असतात. त्यामुळे स्वस्ताकडे मन ओढणार हे खरं आहे.

पैसे वाचवायचेच असतील तर ते आकारात वाचवा. आम्हाला एकाने पाच टनांचं यंत्र सुचवलं होतं. मी तेलाची बिलं काढून बसलो. आमच्याकडे पाणी वेगळ्या हीटरवर तापतं, म्हणजे तेल सगळं घर तापवायलाच: एका हिवाळ्यात ६०० गॅलन. एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णतेचं माप), बॉयलर त्यातले ८५ टक्के घराला देतो असं धरलं तर वर्षाचे सात कोटी. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितके अंश खाली, त्यांची वर्षभराची बेरीज म्हणजे डिग्री-डे. आपल्या भागात ते साडेपाच हजारांच्या आसपास असतात. सात कोटींना त्यांनी आणि २४ तासांनी भागलं की एका अंशामागे तासाला ५३५ बीटीयू येतात. बाहेर १० फॅरनहाइट असेल तर ६५ पर्यंतचं अंतर ५५ अंशांचं. ५३५ गुणिले ५५, सुमारे २९,०००. एक टन म्हणजे १२,००० बीटीयू, तेव्हा आमच्या घराची गरज अडीच टनांची! दुप्पट मोठं यंत्र घेतलं असतं तर ते दर थोड्या वेळाने बंद-चालू होत राहिलं असतं, वीज जास्त खाल्ली असती आणि कॉम्प्रेसर लवकर थकला असता. हा हिशोब ढोबळ आहे. काँट्रॅक्टरकडून खोलीवार मोजणी, ज्याला मॅन्युअल जे म्हणतात, ती लेखी मागाच. पण तुमचा आकडा हातात असला की समोरचा माणूस जपून बोलतो. शक्य असेल तर बाहेरच्या एकाच मोठ्या युनिटला आतली पाच युनिटं जोडण्यापेक्षा बाहेरची दोन छोटी युनिटं घ्या. एक बिघडलं तरी अर्धं घर तापत राहतं.

परवडेल का, हेही त्याच बिलावरून कळतं. वीज ३० सेंट युनिट आणि हिवाळाभराची सरासरी एका युनिटला २.७ युनिट ऊब धरली, तर एक गॅलन तेलाएवढ्या उबेला जेमतेम तेरा युनिटं लागतात, म्हणजे ३ डॉलर ८० सेंटच्या आसपास. तेल याहून महाग असेल तर हीट पंप जिंकतो, स्वस्त असेल तर नाही. हीट पंपवाल्या घरांना हिवाळ्यात विजेचा कमी दर मिळतो, तो लागू करून घ्यायला विसरू नका.

४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनला उणे १० फॅरनहाइट होतं. आमचं अडीच टनांचं यंत्र रात्रभर न थांबता चालत होतं आणि घर ७० वरून हळूहळू ६६ वर आलं. पहाटे पाचला मी खाली जाऊन बॉयलर लावला आणि आठला बंद केला. तो आम्ही काढून टाकलेला नाही. त्या हिवाळ्यात तो एकूण तेवढाच वेळ लावावा लागला.