बारा मिलीमीटर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. इंदूरमध्ये हे वाक्य उच्चारलं की समोरचा दोनपैकी एक प्रश्न विचारतो. ‘म्हणजे फिजिओ ना?’ किंवा ‘ओटी, म्हणजे ऑपरेशनला मदत करता का?’ पंधरा वर्षांत तिसरा प्रश्न ऐकला नाही. म्हणून आता मीच सांगून टाकते: पायांत ताकद आणायची फिजिओने, आणि त्या पायांनी माणूस स्वतःच्या घरात संडासापर्यंत न पडता कसा जाईल ते बघायचं मी. त्यासाठी लोकांच्या घरी जाते. टेप, टॉर्च, उजेड मोजायचं लक्समीटर आणि वही एवढंच सामान. घर बघते आणि धोके लिहून देते. त्या यादीत पहिल्या पाचात एक ओळ ठरलेली असते: ‘उंबरठे काढून टाका.’ आजवर किती उंबरठे काढायला लावले याचा हिशोब नाही.

गेल्या डिसेंबरात फोन आला. घर निपानियाकडच्या एका टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा म्हणाला, “मॅडम, आई रोज संध्याकाळी पळून जायला बघते. बॅग घेऊन दारात उभी. ‘घरी जायचंय’ एवढंच म्हणते. आम्ही सेफ्टी डोअरला कुलूप घालतो, तर ते हलवत बसते. सोसायटीतल्या लोकांना वाटतं आम्ही छळतो.”

आजी ब्याऐंशी वर्षांच्या. डिमेन्शियाचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी वाढवून दिली होती, त्याने आजी दुपारी पेंगायच्या आणि साडेपाचला बरोबर जाग्या व्हायच्या. डॉक्टरांचा दोष नाही म्हणा, एका पेशंटला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. पण ‘हे किती वाजता होतं आणि तेव्हा त्या नेमकं काय करतात’ हे विचारायला अर्धं मिनिट पुरतं. ते कुणीच विचारलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही नाही. मी सकाळी अकराला गेले होते, कारण मला ती वेळ सोयीची होती.

सुरुवात नेहमीसारखी. लघवीची तपासणी झालीय का, पोट साफ होतंय का, हल्ली कुठली नवीन गोळी? म्हातारपणी लघवीचा साधा संसर्गसुद्धा माणसाला भ्रमिष्ट करून टाकतो, आणि घरचे समजतात आजार वाढला. इथे सगळं ठीक होतं. मग प्रश्नावली.

“आजी, आत्ता आपण कुठे आहोत?”

“तुमच्याकडे,” त्या हसून म्हणाल्या. “पोहे छान झाले होते हो. जिरावण जरा जास्त होतं.”

त्या स्वतःच्या मुलाच्या घरात, दोन वर्षं झोपत असलेल्या पलंगावर बसून मला यजमान समजत होत्या. (जिरावण म्हणजे इंदुरात पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला.) मग सूनबाईंनी सांगितलं ते ऐकून मी लिहायचं थांबले. आजी रोज सकाळी चादर घडी करून उशाशी ठेवतात. बाथरूमला जाताना ‘जाऊ का?’ विचारतात. दुसऱ्यांदा पोळी घेत नाहीत. एकदा सूनबाईंच्या हातात पन्नासची नोट ठेवून म्हणाल्या होत्या, “मुलांना खाऊ आणा, फार त्रास दिला तुम्हाला.” बाई दोन वर्षं त्या घरात पाहुणी म्हणून राहत होती, आणि तेही इतक्या रीतीने की कुणाच्या लक्षातही येऊ नये.

मेंदूत जागेचा हिशोब ठेवणाऱ्या पेशी असतात. जॉन ओ’कीफ यांनी १९७१ साली उंदराच्या मेंदूत त्या दाखवल्या, आणि पुढे मोझर दांपत्याने शेजारच्याच भागात नकाशाच्या चौकटीसारख्या चालणाऱ्या पेशी शोधल्या. २०१४चं नोबेल तिघांना मिळून. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, ज्या भागापासून कुरतडायला लागतो तो हाच शेजार. म्हणून ओळखीच्या रस्त्यावर चुकणं बऱ्याच जणांत फार लवकर सुरू होतं. आजींना नवी जागा आता शिकताच येणार नव्हती. जुनी होती तेवढीच होती.

आता फ्लॅटबद्दल. इंटीरियर डिझायनर नावाच्या जमातीबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण थोडं लिहितेच. पॅसेजभर आरशासारख्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यात छतावरचे दिवे असे पडलेले की म्हाताऱ्या डोळ्याला वाटावं पाणी सांडलंय. आजी तिथे कडेकडेने, भिंतीला हात लावून चालत. दारात काळंभोर पायपुसणं. सुनेच्या दृष्टीने मळखाऊ, आजींच्या दृष्टीने खड्डा. त्या ते ओलांडायच्या नाहीत, वळसा घालायच्या. पॅसेजच्या टोकाला जमिनीपासून छतापर्यंत आरसा. “तिथे ती बाई बसलेली असते,” आजी माझ्या कानात म्हणाल्या. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, तो दिसणार कसा? साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने तिसरा हिस्साच उजेड पोचतो, ऐंशीत आणखी कमी. आणि हॉलमध्ये ते मंद पिवळे ‘मूड लाइट’.

ही माझी आवडती कामं. आरशावर पडदा. काळ्या पायपुसण्याच्या जागी फरशीच्याच रंगाचं. कमोडला गडद निळी सीट. साडेचारलाच, अंधारायच्या आधी, हॉलमध्ये पांढऱ्या ट्यूब. मी लक्समीटर धरून दाखवलं: आधी ४०, नंतर ३१०. मुलगा इंजिनिअर, आकडा पाहिल्यावर त्याचा माझ्यावर विश्वास बसला. आठवड्यात आजी पॅसेजच्या मधून चालायला लागल्या. मी खूश.

संध्याकाळची बॅग मात्र तशीच.

मधल्या रविवारी मुलाने मला न विचारता एक प्रयोग केला. आईला गाडीत घालून जुन्या घरी घेऊन गेला, कृष्णपुऱ्याजवळच्या गल्लीत. पणजोबा होळकरांच्या नोकरीत होते, तेव्हापासूनचं घर, ते विकून आठ वर्षं झालेली. वाटेत राजवाडा दिसला तसं आजी एकदम खुलल्या, म्हणे आग लागली तेव्हा आम्ही गच्चीवरून धूर बघत होतो. आग १९८४ची, ते वर्ष त्यांना आठवत नव्हतं, पण धूर कुठल्या बाजूने येत होता ते हाताने दाखवलं. मग गल्लीत उतरल्या. घराच्या खालच्या मजल्यावर आता होलसेल दुकान, पुढे शटर. मुलगा म्हणाला, “आई, हे बघ, आपलं घर.” आजी खाली बघत उभ्या राहिल्या. वर, खिडक्यांकडे, एकदाही बघितलं नाही. म्हणाल्या, “हे आपलं नाही. चल घरी.”

मी त्याच्यावर चिडले. अशाने माणसाला दुहेरी धक्का बसतो. त्याला जर्मनीतल्या खोट्या बसस्टॉपची गोष्ट सांगितली: ड्युसेलडॉर्फमध्ये एका वृद्धाश्रमासमोर नुसता बसस्टॉप उभा केलाय, बस येतच नाही. घरी जायला निघालेले म्हातारे तिथे बसतात, थोड्या वेळाने कशासाठी बसलो ते विसरतात, मग नर्स चहाला आत नेते. तो म्हणाला, “म्हणजे आईला फसवायचं?” मला उत्तर सुचलं नाही. विषय बदलला.

‘खाली बघत उभ्या राहिल्या’ हे मी वहीत लिहिलं होतं. कशाला लिहिलं ते तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी एकदाची पाच वाजता गेले. मुलाला म्हटलं, आज कुलूप नको, मी आहे. साडेपाचला आजी उठल्या. तोंड धुतलं, केस सारखे केले, कपाळावर हात फिरवला. बॅग उचलली. दारात आल्या. दार उघडं, सेफ्टी डोअर उघडं, समोर लिफ्ट. लिफ्टकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कष्टाने खाली वाकल्या आणि दाराच्या तळाशी, डावीकडून उजवीकडे, हाताने फरशी चाचपली. उभ्या राहिल्या. मागे सरकल्या. पुन्हा वाकल्या. टाइल हॉलमधून थेट कॉरिडॉरमध्ये सपाट गेलेली. आम्ही शिफारस करतो तशी, अगदी पुस्तकातली.

त्यांची डावी मूठ मिटलेली होती. मी हात पुढे केला तर त्यांनी लहान मुलासारखी उघडून दाखवली. दोन फुलवाती, तेलात भिजलेल्या.

सूनबाई दारातच मटकन बसल्या. “मी रोज पदरावरच्या तेलाच्या डागांवरून बोलत होते हो त्यांना.”

बॅग उघडली. लुगडं, कंगवा, चष्म्याचं रिकामं घर, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या डबीत वळलेल्या वाती, शंभरेक तरी. देवघरातला कापूस कुठे संपतो याचा त्या घरात दोन वर्षं तपास चालू होता. आळ कामवाल्या बाईवर होता.

दिवेलागणीला उंबरठ्यावर दिवा ठेवायचा, साठ वर्षांची सवय. उंबरठा सापडत नाही, म्हणजे हे घर नव्हे, म्हणजे घरी जायला हवं. निदान मी तरी तसं वाचलं. आजींनी असं काही सांगितलं नाही, आणि त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

तर आता मला, उंबरठे काढायला लावणाऱ्या बाईला, उंबरठा बसवायचा होता. आधी पळवाट शोधली. फरशीवर गेरूच्या रंगाची चार इंची पट्टी चिकटवली, उंची शून्य. आजींनी पट्टी पाहिली आणि ती चढायला पाय असा उचलला की तोल गेला. मी काखेत हात घातलेला होता म्हणून वाचलं. डोळ्यांना उंची दिसते आणि पायाला लागत नाही, हे सगळ्यात वाईट. मग सुतार बोलावला. अमेरिकेतल्या अपंगस्नेही बांधकामाच्या नियमाने १३ मिलीमीटरपर्यंतचा उंबरठा चालतो, दोन्ही कडांना उतार हवा. सागाची पट्टी, १२ मिलीमीटर, दोन्हीकडे रंधा मारून उतार, वर पॉलिश नाही. सुतार म्हणाला, “मॅडमजी, इतने में तो चींटी भी नहीं रुकेगी.” चौकटीला उजवीकडे धरायला दांडा. वाकायला नको म्हणून शेजारी स्टूल आणि त्यापुढे उंच पाट, त्यावर दिवा.

दिव्यावरून वेगळं महाभारत. सोसायटीच्या सेक्रेटरींना कॉरिडॉरमध्ये ज्योत नको होती. हे बरोबरच होतं, सुती लुगड्याची मलाही भीती होती. बॅटरीची पणती आणली. आजींनी तिच्यात बोट बुडवून पाहिलं, बोट पुसलं आणि सुनेला म्हणाल्या, “यात तेल घालायचं राहिलं.” शेवटी सूनबाई खरी समई लावतात, दाराच्या आतल्या अंगाला, आणि विझेपर्यंत तिथून हलत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी आजींनी दोन बोटांनी त्या लाकडावर हळदकुंकू लावलं. सरळ रेषेत, अंतर मोजल्यासारखं. ज्या बाईला वार सांगता येत नाही, तिचं. बॅग खोलीतच राहिली. रात्री त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली.

माझी फिजिओ मैत्रीण, जिच्याकडे मी पेशंट पाठवते, ऐकून भडकली. “तू? तू उंबरठा बसवलास? ब्याऐंशी वर्षांची बाई, हाडं ठिसूळ, खुबा मोडला तर परत उठेल का ती?” तिचं चुकतंय असं मी म्हणूच शकत नाही. मीच हे वाक्य पन्नास घरांत बोललेय. एका संस्थेसाठी मी रिपोर्ट भरते, त्यात रकाना आहे: ‘पडण्याचे धोके दूर केले: होय / नाही.’ ‘एक धोका नव्याने बसवला’ असं लिहायला तिथे जागा नाही. तो रिपोर्ट अजून लॅपटॉपमध्ये अर्धा पडलाय.

सूनबाईंना मी वही ठेवायला सांगितलं होतं. त्या मन लावून लिहितात, फोटो पाठवतात. अकरा आठवडे झाले. आठवड्यातले चार-पाच दिवस शांत, दोन-तीन दिवस बॅग. परवाच्या बुधवारचा फोटो:

‘५.५० दिवा. ६.२० घरी जायचंय म्हणाल्या. ६.४० विसरल्या, भाजी निवडायला बसल्या. मला म्हणाल्या, आमच्या घरी अशीच मेथी येते. ७.१० दिवा बघायला उठल्या. उंबरठ्याला अंगठा लागला. दांडा धरला. पडल्या नाहीत.’

सुताराचा नंबर काढून ठेवलाय. अजून लावलेला नाही.